निर्वासित विद्यार्थ्याला कॉलेजात पोचवणाऱ्या सेवा: पुण्यातून वापरताना कोणती किती कामाची

शिष्यवृत्त्यांच्या याद्या नेटवर ढिगाने सापडतात. त्या वाचून अर्ज भरायला बसलेली मुलं पहिल्याच पानावर अडतात, आणि अडतात ती पासपोर्ट क्रमांकाच्या रकान्यापाशी. पैशाचा प्रश्न त्यानंतरचा. त्यामुळे इथे प्रत्येक सेवेला एकच फूटपट्टी लावली आहे: ती वापरल्यावर हातात कोणता कागद पडतो आणि तो पुढच्या खिडकीवर चालतो का. माहितीपत्रकांवरचे हसरे चेहरे बाजूला ठेवले आहेत.

पुण्याचं प्रकरण दिल्लीहून वेगळं आहे. दिल्लीत अफगाण, बर्मी निर्वासितांच्या वस्त्या आहेत. इथे कोंढव्यात, कॅम्पात खोली घेऊन राहणारी अनेक मुलं मुळात विद्यार्थी व्हिसावर आलेली असतात आणि शिकता शिकता त्यांचा देश मागे कोसळतो. म्यानमारमध्ये १ फेब्रुवारी २०२१ ला लष्कराने सत्ता घेतली, काबूल त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पडलं, सुदानमध्ये १५ एप्रिल २०२३ ला युद्ध पेटलं. घरून येणारे पैसे थांबतात, पासपोर्टची मुदत भरत येते, परत जायची सोय उरत नाही. काहींच्या मागोमाग धाकटी भावंडंही येतात. त्यांची शाळाच अर्धवट सुटलेली. या दोन गटांच्या गरजा अगदी निराळ्या. बऱ्याच सेवा मात्र दोघांना एकच औषध देतात.

भारताने १९५१ चा निर्वासितविषयक करार आणि १९६७ चा प्रोटोकॉल स्वीकारलेला नाही. १९४६ चा जुना कायदा जाऊन १ सप्टेंबर २०२५ पासून परकीय नागरिकांसाठी नवा कायदा लागू झाला, पण 'निर्वासित विद्यार्थी' असा रकाना त्यातही नाही. कॉलेजच्या काउंटरवर मूल 'फॉरेन नॅशनल' असतं आणि फीसुद्धा त्याच दराने लागते. पिंपरी कॅम्पात १९४७ नंतर आलेल्या सिंधी कुटुंबांना आपण निर्वासित म्हणायचो, पण ती या देशाची नागरिक होती. 'त्यांना मिळालं, मग यांना का नाही' हा वाद काउंटरवर घालून वेळच जातो.

यूएनएचसीआरची नोंदणी

यूएनएचसीआर म्हणजे संयुक्त राष्ट्रांची निर्वासितांसाठीची संस्था. कार्यालय दिल्लीत. तिबेटी आणि श्रीलंकेतले तमिळ यांचं काम सरकार स्वतः बघतं. अफगाण, म्यानमारी, सुदानी, सोमाली, येमेनी मुलांची नोंद यूएनएचसीआर करतं. आधी नोंदणी, मग अर्ज विचाराधीन असल्याचं प्रमाणपत्र, मग मुलाखत, आणि दावा मान्य झाला तर निर्वासित कार्ड. यात महिने जातात, कधी वर्षंही. झेलम किंवा गोवा एक्स्प्रेसने एका बाजूलाच सव्वा दिवस मोडतो, त्यामुळे बोलावल्याचा ईमेल हातात आल्याशिवाय तिकीट काढू नये. कुटुंब इथे असेल तर सगळ्यांचे कागद एकदमच न्यावेत. एकाचा राहिला की दुसरी फेरी ठरलेली.

सेवा पूर्ण मोफत आहे. नोंदणी, मुलाखत, कार्ड, कशालाच पैसे पडत नाहीत. 'दिल्लीत आपली ओळख आहे, तारीख लवकर काढून देतो' म्हणणारा माणूस फसवतोय असं खुशाल धरून चालावं.

कार्ड कशाला चालतं? डाफी शिष्यवृत्तीला (तिच्याबद्दल पुढे) आणि निर्वासितांसाठी ठेवलेल्या परदेशी ऑनलाइन जागांना. आधार काढायला चालत नाही. पासपोर्टच्या जागी चालत नाही. उलटून गेलेल्या व्हिसाचा दंडही त्याने माफ होत नाही, आणि हा गैरसमज सगळ्यात महाग पडतो. कार्ड येणारच आहे म्हणून व्हिसाची मुदत उलटू देणारी मुलं पुढे बाहेरदेशी जागा मिळूनही एक्झिट परमिटपाशी, म्हणजे देश सोडण्याच्या परवान्यापाशी, अडकतात. गृह मंत्रालयाच्या २०११ च्या कार्यपद्धतीत, निर्वासित असल्याचं सांगणाऱ्या परकीय नागरिकाला दीर्घ मुदतीचा व्हिसा देण्याची वाट आहे. तो मिळाला तर खासगी नोकरी आणि शिक्षण दोन्ही मोकळं होतं. पण तो कार्डाबरोबर आपसूक येत नाही. त्याचा अर्ज वेगळा, चौकशी वेगळी.

आणखी एक गोष्ट फार कमी ठिकाणी सांगतात. एकदा संरक्षण मागितल्यावर स्वतःच्या देशाच्या दूतावासातून पासपोर्ट नवा करून घेणं, हे त्या देशाचं संरक्षण पुन्हा पत्करल्याचं लक्षण धरलं जाऊ शकतं. १९५१ च्या करारात तसं कलमच आहे. उलट कॉलेज आणि व्हिसाखातं दोघंही चालू पासपोर्ट मागतात. ही कात्री खरी आहे, आणि कोणत्या बाजूने जायचं ते मुलाने पासपोर्ट संपायच्या निदान सहा महिने आधी कायद्याच्या जाणकाराला विचारून ठरवावं. मुदत संपल्यावर विचारलं तर ठरवण्यासारखं काही उरलेलं नसतं.

व्हिसा वाढवणं: ई-एफआरआरओ

ई-एफआरआरओ म्हणजे परकीय नागरिकांच्या नोंदणी आणि व्हिसाचं सरकारी संकेतस्थळ. सरकारी सेवांत ही त्यातल्या त्यात बरी. अर्ज, कागद, शुल्क सगळं ऑनलाइन. बोलावलंच तर पोलीस आयुक्तालयातल्या परकीय नागरिक विभागात जायचं. अर्ज अडतो तो संकेतस्थळामुळे क्वचितच, घरमालकामुळे बऱ्याचदा. परदेशी भाडेकरू आला की २४ तासांत त्याची ऑनलाइन नोंद करणारा 'सी फॉर्म' (२०२५ च्या नव्या नियमांत 'फॉर्म ३') भरणं घरमालकावर बंधनकारक आहे. हे अनेकांना माहीत नसतं, ज्यांना असतं ते 'पोलिसांची झंझट नको' म्हणून टाळतात. मग भाडेकरार आहे पण सी फॉर्म नाही, म्हणजे पत्त्याचा पुरावा लंगडा, म्हणजे अर्जावर शंका, आणि तोवर सत्र संपलेलं. इलाज एकच: अनामत देण्याआधी घरमालकाच्या फोनवरच त्याची नोंदणी करून फॉर्म भरून घ्यायचा आणि त्याची पीडीएफ स्वतःकडे ठेवायची. किल्ली मिळाल्यावर मालक फोन उचलत नाही.

दुसरा कागद बोनाफाइडचा. कॉलेजचा क्लार्क ठरलेला मजकूर छापून देतो, त्यात अभ्यासक्रमाचा कालावधी नसतो. कोर्सचं नाव, चालू वर्ष, सुरुवात आणि अखेरीची तारीख, पासपोर्टावर आहे तसंच नाव, एवढं असल्याशिवाय तो घेऊच नये. विद्यार्थी व्हिसावर परवानगीशिवाय कॉलेज किंवा कोर्स बदलता येत नाही, आणि पगारी काम तर नाहीच. 'कमवा आणि शिका'त नाव घाल असा सल्ला पुण्यात कुणीही प्रेमाने देतं. देणाऱ्याने आधी व्हिसाचा प्रकार विचारावा. दुसऱ्याच्या आयडीवर डिलिव्हरीची गाडी चालवणं हा त्याहून मोठा धोका.

नाव आणि जन्मतारीख

ही सेवा नव्हे, पण कागदांची सगळी साखळी इथेच तुटते. महाराष्ट्रातला फॉर्म आडनाव, नाव, वडिलांचं नाव या क्रमाने चालतो आणि शेवटी आईचं नाव मागतो. बर्मी नावात आडनाव नसतंच. तीन शब्दांचं नाव असेल तर तिन्ही शब्द त्या मुलीचेच. त्यांत ना बापाचं नाव, ना घराण्याचं. फॉर्म भरणारा शेवटचा शब्द उचलून आडनावात टाकतो, मधला वडिलांना देतो, आणि गुणपत्रिकेवर एक नवीनच बाई तयार होते. अनेक अफगाण मुलांच्या पासपोर्टवर एकच शब्द असतो. तिथे कुणी टिंब टाकतं, कुणी तेच नाव दोनदा लिहितं.

तारखेचा घोळ आणखी खोल. जुन्या कागदी तजकिऱ्यात, म्हणजे अफगाण ओळखपत्रात, जन्मतारीख नसून 'अमुक साली वय इतकं' अशी नोंद असते. समजा लिहिलंय '१३८५ मध्ये वय ५'. म्हणजे जन्म सौर हिजरीच्या, म्हणजे अफगाण सनाच्या, १३८० चा. ते वर्ष मार्च २००१ ते मार्च २००२ असं पसरलेलं. एक भाषांतरकार २००१ लिहितो, दुसरा २००२. पासपोर्टवर बहुधा १ जानेवारी पडते. शाळेच्या गुणपत्रिकेवरचं वर्षही असंच: १३९९ म्हणजे मार्च २०२० ते मार्च २०२१. दोन कागद दोन जणांकडून भाषांतर करून घेतले की दोन जन्मसालं, आणि पुढे प्रत्येक खिडकीवर खुलासा.

म्हणून सगळे कागद एकाच भाषांतरकाराकडून, एकाच वेळी, पासपोर्टची प्रत समोर ठेवून करून घ्यावेत. मूळ सन तसाच राखून शेजारी इसवी सन लिहायला सांगावं. मग शिवाजीनगर कोर्टाजवळ नोटरीकडे एक प्रतिज्ञापत्र: नावाची ही सगळी रूपं आणि या तारखा एकाच व्यक्तीच्या. हे पीआरएन, म्हणजे विद्यापीठाचा कायमचा नोंदणी क्रमांक, पडायच्या आधी, पात्रतेच्या टप्प्यावर करायचं. पीआरएन पडल्यावर नावातलं एक अक्षर बदलायला कॉलेज, परीक्षा विभाग, पुन्हा कॉलेज अशा फेऱ्या होतात.

समकक्षता

परदेशी बारावी आपल्या बारावीबरोबरीची आहे की नाही, हे दिल्लीतली असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीज, म्हणजे एआययू, सांगत आली आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचं आंतरराष्ट्रीय केंद्र परदेशी विद्यार्थ्याची पात्रता बघतं. ही माणसं आपलं काम नियमाने करतात. अडचण त्यांच्या टेबलावर येणाऱ्या कागदांत असते.

मुख्य अट बारा वर्षं शालेय शिक्षणाची. अफगाणिस्तान आणि येमेनमध्ये बारा वर्षं होतात, तिथे प्रश्न फक्त शिक्क्यांचा. सुदानच्या आधीच्या पद्धतीत आठ अधिक तीन, म्हणजे अकराच. म्यानमारची जुनी मॅट्रिकही अकरा वर्षांची. मुलगा हुशार असो, गुण चांगले असोत, वर्ष कमी ते कमी. इथे काही खासगी संस्था 'तात्पुरता प्रवेश' देऊन फी भरून घेतात, आणि पात्रता नाकारल्याचं पत्र पहिलं वर्ष सरत आल्यावर येतं. तोवर फी गेलेली, व्हिसाचं वर्ष गेलेलं. अकरा वर्षांच्या देशातून आलेल्या मुलाने पात्रतेचा लेखी निर्णय आधी मिळवावा, फी नंतर भरावी. प्रवेश समितीतल्या कुणी तोंडी 'होऊन जाईल' म्हटलं तर ते ऐकून सोडून द्यावं.

शिक्क्यांचं दुखणं वेगळंच. मूळ देशातल्या खात्याचा, तिथल्या भारतीय वकिलातीचा किंवा त्या देशाच्या इथल्या दूतावासाचा शिक्का मागतात. भारताची खार्टूममधली वकिलात २०२३ मध्ये पोर्ट सुदानला हलली. दिल्लीतल्या जुन्या सरकारच्या अफगाण दूतावासाने ऑक्टोबर २०२३ मध्ये काम थांबवलं आणि नोव्हेंबरमध्ये कायमचं बंद झाल्याचं जाहीर केलं. शिक्का मिळत नसेल तर 'मिळत नाही' असं नुसतं सांगून भागत नाही. ईमेल पाठवल्याची प्रत, उत्तर आलं असेल तर ते, नसेल तर पाठपुराव्याच्या तारखा, असं बाड जोडलं तर निदान फाइल पुढे सरकते.

युरोपात २०१७ पासून निर्वासितांच्या शिक्षणाचा एक वेगळा पासपोर्ट देतात. सविस्तर प्रश्नावली, हाताशी असतील तेवढे कागद, दोन जाणकारांची मुलाखत, आणि पाच वर्षं चालणारं पत्र. आपल्या काउंटरवर तो कागद कुणी मागत नाही, पण त्यातली प्रश्नावलीची पद्धत उचलण्याजोगी आहे. कोणती शाळा, कोणती वर्षं, विषय, आठवड्याचे तास, पुस्तकांची नावं, परीक्षा कुठे झाली, हे दोन पानांत लिहून ठेवलं की एआययूपासून शिष्यवृत्तीच्या मुलाखतीपर्यंत सगळीकडे उत्तर एकच येतं. मुलांची विश्वासार्हता बिघडते ती बहुतेकदा तीन ठिकाणी तीन सालं सांगितल्याने.

एनआयओएस: सगळ्यांत कमी कौतुक, सगळ्यांत जास्त उपयोग

अर्धवट शाळा सुटलेल्या भावंडांसाठी आणि अकरा वर्षांवाल्यांसाठी आमची पहिली शिफारस ही. एनआयओएस म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालय. त्याचं विभागीय केंद्र पुण्यातही आहे. दहावीला किमान वय १४, बारावीला १५. एकदा नोंदणी केली की पाच वर्षं चालते आणि नऊ वेळा परीक्षेला बसता येतं. एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर अशा दोन फेऱ्या. पाच विषय, त्यांत भाषा. भाषांच्या यादीत फारसी आणि अरबीसुद्धा आहेत. अफगाण मुलगी फारसी घेते तेव्हा एका विषयाची चिंता मिटते आणि तो वेळ गणिताला मिळतो. इंग्रजी घ्यावीच, कारण पुढे लागते; पण हिंदीचा अट्टहास करू नये.

हातात पडतो तो भारतीय मंडळाचा बारावीचा निकाल. त्याला समकक्षता लागत नाही, दूतावासाचा शिक्का लागत नाही, सनांचं गणित लागत नाही. या आढाव्यातला हा सगळ्यांत दणकट कागद.

खोट कुठे आहे? दहावी आणि बारावी यांत दोन वर्षांचं अंतर धरतात, त्यामुळे 'एका वर्षात दोन्ही' म्हणणाऱ्या क्लासच्या पाटीवर विश्वास ठेवू नये. शिक्षकाने तपासायच्या गृहपाठाला २० टक्के वजन आहे. मुलं तो शेवटच्या रात्री एकमेकांचा उतरवतात आणि तिथेच गुण सांडतात. सायन्स घेतलं तर प्रात्यक्षिकांसाठी अभ्यासकेंद्र गाठावं लागतं, आणि केंद्र कोणतं मिळतंय हे नोंदणी करतानाच पाहावं. कोंढव्यातल्या मुलीला शहराच्या दुसऱ्या टोकाचं केंद्र मिळालं तर दोन बस बदलून ती किती दिवस जाईल?

इग्नूचा सहा महिन्यांचा पूर्वतयारी कोर्स, बारावी नसलेल्यांसाठी, हीही एक वाट आहे. पण तो इग्नूच्याच पदवीचं दार उघडतो. बाहेर त्याला बारावी मानत नाहीत. घाईत असलेल्या मुलांना हे नंतर कळतं.

डाफी शिष्यवृत्ती

जर्मन सरकारच्या पैशावर १९९२ पासून यूएनएचसीआर चालवतं. ज्या देशात आसरा आहे तिथल्याच कॉलेजातली पहिली पदवी, आणि फीबरोबर पुस्तकं, प्रवास, राहणं-खाणं यांनाही हातभार. पैशाच्या बाजूने यापेक्षा भरघोस काही भारतातल्या निर्वासित मुलासाठी नाही. अट म्हणजे मान्य झालेला निर्वासित दर्जा. विचाराधीन प्रमाणपत्रावर सहसा भागत नाही. सुरुवातीला वय ठरलेल्या मर्यादेच्या आत हवं. बारावी चांगल्या गुणांनी झालेली, आणि दुसरं कुणी फी भरत नसलेलं.

अर्जाची मुदत छोटी असते आणि आपल्या जून-जुलैच्या प्रवेशांशी ती जुळेलच असं नाही. प्रवेशपत्र मागतात तेव्हा कॉलेजचा निकाल लागलेला नसतो, निकाल लागतो तेव्हा मुदत सरलेली. यावर तोडगा म्हणजे कॉलेजकडून अटींसह प्रवेशाचं पत्र आधी मिळवणं, आणि फीचा वर्षवार तक्ता लेटरहेडवर घेणं. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची फी 'साधारण इतकीच' असं लिहिलेला अर्ज कच्चा दिसतो. हेतुपत्रात दुःखाची कहाणी दोन ओळींत आटपून कोर्स कोणता, का, आणि त्यावर इथे काय काम मिळेल याला जागा द्यावी. निवड करणारे रोजगाराची शक्यता बघतात. कॉमर्स किंवा नर्सिंगचा साधा, नीट मांडलेला अर्ज भव्य स्वप्नांच्या अर्जाला मागे टाकतो.

जगभरात निर्वासित तरुणांपैकी १५ टक्के २०३० पर्यंत उच्चशिक्षणात असावेत असं उद्दिष्ट यूएनएचसीआरने ठेवलं आहे. त्या मानाने डाफीच्या जागा अगदी थोड्या. अर्ज करावा, भरवसा ठेवू नये.

युनिव्हर्सिटी ऑफ द पीपल

२००९ मध्ये सुरू झालेलं अमेरिकेतलं ऑनलाइन विद्यापीठ. शिकवणी फी नाही, पण प्रत्येक कोर्सला मूल्यमापन शुल्क आहे आणि पदवीला साधारण ४० कोर्स लागतात, म्हणजे 'फुकट' हा शब्द जपून वापरावा. निर्वासितांसाठी शुल्कमाफीच्या शिष्यवृत्त्या आहेत. त्या मंजूर झाल्याचा ईमेल येईपर्यंत पहिल्या कोर्सला नाव घालू नये. कॉम्प्युटर सायन्स, बिझनेस, हेल्थ सायन्स असे मोजके विषय. थेट वर्ग नाहीत. नऊ आठवड्यांचं सत्र, दर आठवड्याला वाचन, चर्चेत लिहायचं, एक लेखी काम द्यायचं आणि बरोबरच्या विद्यार्थ्यांची कामं तपासायची.

आता पुण्यातली गंमत. त्यांचा आठवडा बुधवारी रात्री ११:५५ ला संपतो, पण घड्याळ बारा महिने जीएमटीच्या पाच तास मागचं. आपल्याकडे ती वेळ गुरुवारी सकाळी १०:२५. आणि पुण्यात गुरुवार म्हणजे दुरुस्तीसाठी लाइट जाण्याचा वार, सकाळी जाते ती दुपारपर्यंत. गुरुवारी नऊला उठून काम पाठवू म्हणणाऱ्याचं वायफाय नेमकं तेव्हाच बंद. पाठवण्याची वेळ बुधवारी संध्याकाळी सातची धरावी आणि मोबाइलवर डेटा शिल्लक ठेवावा. एक आठवडा चुकला तर निभतं, दोन-तीन चुकले की कोर्स हातचा जातो. काही कोर्सच्या परीक्षेला पर्यवेक्षक लागतो. नातेवाईक चालत नाही. ग्रंथपाल किंवा जुना शिक्षक सत्राच्या पहिल्याच आठवड्यात विचारून ठेवावा.

फूटपट्टी लावली तर? कागद अमेरिकेच्या मान्यतेचा आहे आणि परदेशात पुढे शिकायचं असेल किंवा रिमोट काम करायचं असेल तर उपयोगी. भारतातल्या विद्यापीठात एम.ए., एम.एस्सी. करायचं असेल तर ही ऑनलाइन पदवी समकक्ष धरतील या भरवशावर बसू नये. शिवाय ऑनलाइन प्रवेशावर भारताचा विद्यार्थी व्हिसा वाढत नाही. व्हिसा टिकवण्यासाठी ही पदवी घेणारे दोन्हीकडून जातात. ज्यांना दीर्घ व्हिसा आहे, किंवा घरात लहान मूल असल्याने कॉलेजात जाणं जमत नाही, त्यांच्यासाठी मात्र याहून सोयीचं काही नाही.

किरकोळ पण कामाच्या

ड्युओलिंगोची इंग्रजी परीक्षा घरच्या लॅपटॉपवर तासाभरात होते, निकाल दोन दिवसांत, शुल्क आयईएलटीएसच्या निम्म्याहून कमी. परदेशी अर्जांसाठी हीच घ्यावी, पण ते विद्यापीठ ती मानतं का हे आधी पाहून. परीक्षा रद्द होते ती इंग्रजीमुळे नव्हे: खोलीत रूममेट शिरतो, नजर पडद्याबाहेर जाते, नेट तुटतं. तीन जणांच्या खोलीत ती देऊच नये. ओळखीच्या संस्थेची एखादी बंद खोली, दारावर कागद, पंखा चालू, फोन बाहेर.

यूएनएचसीआरचं संधींचं संकेतस्थळ पडताळलेल्या शिष्यवृत्त्या दाखवतं, हा त्याचा मोठा गुण. तिथे बनावट जाहिरात सापडत नाही. शोधताना 'राहण्याचा देश: भारत' हा गाळणीचा पर्याय आधी लावावा, नाहीतर केनिया, युगांडा, जॉर्डनमधल्या मुलांसाठीच्या जागा वाचण्यात संध्याकाळ जाते. परदेशी जागा मिळालीच तरी भारत निर्वासितांना करारातला प्रवासदाखला देत नाही आणि बाहेर पडायला एक्झिट परमिट लागतं, हे गृहीत धरून निदान एक सत्र पुढची तारीख मागावी.

कोर्सेरा २०१६ पासून निर्वासितांना संस्थांमार्फत मोफत प्रवेश देतं. इंग्रजी आणि एक्सेलसाठी चांगलं. ती पदवी नव्हे. प्रमाणपत्रांचा गठ्ठा जोडून कॉलेजात वर्ष वाचत नाही.

आयसीसीआर, म्हणजे भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद, हिचं कार्यालय पुण्यातही आहे. तिची शिष्यवृत्ती चालू पासपोर्ट असलेल्यांसाठी उत्तम. एमबीबीएसला ती नाही.

एजंट

फर्ग्युसन आणि जंगली महाराज रस्त्याच्या परिसरात परदेशी विद्यार्थ्यांचे प्रवेश करून देणारे पुष्कळ. सगळे लबाड नाहीत. काहींना सी फॉर्म आणि बोनाफाइड कॉलेजच्या क्लार्कपेक्षा चांगलं कळतं. पण त्यांचं कमिशन कॉलेजकडून येतं, म्हणून ते सुचवतात ते कॉलेज कमिशन देणारं असतं. चालेल, फी परवडत असेल तर. दोन गोष्टी मात्र कधीच देऊ नयेत: मूळ पासपोर्ट, आणि फॉर्ममध्ये स्वतःच्या नंबरची जागा. एजंट सोयीसाठी आपलाच मोबाइल आणि आपलाच ईमेल टाकतो. वर्षभराने हॉल तिकिटाचा ओटीपी त्याच्या फोनवर जातो, आणि तेव्हा तो एकतर पैसे मागतो किंवा त्याने नंबर बदललेला असतो. फॉर्म कुणीही भरो, सिम मुलाच्या हातातलं हवं आणि ईमेलचा पासवर्ड त्यानेच ठरवलेला.

बँकेत पासपोर्ट, व्हिसा आणि प्रवेशपत्र दाखवून परदेशी विद्यार्थ्याचं एनआरओ, म्हणजे अनिवासींसाठीचं रुपयांतलं, खातं उघडता येतं. पत्त्याचा पुरावा द्यायला ३० दिवस मिळतात. शाखेत 'आधार आणा' म्हणाले तर शाखाधिकाऱ्याला रिझर्व्ह बँकेच्या या सवलतीचं नाव घेऊन विचारावं. एजंटाच्या खात्यावर शिष्यवृत्ती मागवण्याची वेळ येऊ देऊ नये.

शेवटची सूचना झेरॉक्सवाल्याच्या दुकानातली. मूळ गुणपत्रिका, तजकिरा, शाळेचा दाखला यांना लॅमिनेशन करू नका. दुकानदार आपुलकीने दहा-वीस रुपयांत करून देतो, कागद टिकेल म्हणून. दूतावासाचा आणि नोटरीचा शिक्का कागदाच्या पाठीवर बसतो, प्लास्टिकवर बसत नाही, आणि ते सोलायला गेलं की शाई त्याच्याबरोबर निघते. पारदर्शक पिशवीत सुटा ठेवावा.